पान एकशे बाराचं वाण

आमच्या गल्लीत एकतीस सवाष्णींना मी एकाच संध्याकाळी बिघडवलं. तेही हळदी-कुंकू लावून, हातावर तिळगूळ ठेवून आणि 'गोड बोला' असं बजावून.

मी काही लोकांना बिघडवणाऱ्यातली नव्हे. शाळेत सत्तावीस वर्षं मी शिवण शिकवलं. पण शाळेच्या ग्रंथालयाची किल्ली माझ्याकडे असायची (शिवणाची मशिनं त्याच खोलीत होती म्हणून), आणि चष्माही मला लवकर लागला. एवढ्या भांडवलावर कोल्हापुरातल्या आमच्या अख्ख्या गल्लीनं ठरवून टाकलं की नलूकाकी फार वाचतात. मीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. कुणी एखाद्या पुस्तकाचं नाव काढलं की डोळे मिटून मान हलवायची आणि म्हणायचं, "फार वर्षांपूर्वी वाचलंय." पुढचं कुणी विचारत नसे.

संक्रांतीच्या वाणात काय काय येतं ते बायकांना सांगायला नको. साबणाच्या डब्या, कंगवे, चहाच्या गाळण्या. त्याआधीच्या वर्षी माझ्याकडे अकरा गाळण्या जमल्या होत्या आणि घरात चहा पिणारी माणसं तीन: मी, आमचे हे आणि मुलगी ऋतुजा. त्यात समोरच्या शैलजावहिनींनी स्टीलचे झाकणाचे डबे लुटले आणि गल्ली पंधरा दिवस डब्यांबद्दलच बोलत राहिली. मला ते काही सोसलं नाही. यंदा मी पुस्तक लुटणार, असं मी मंडळाच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलं.

त्यामागं आणखी एक कारण होतं, आणि ते जास्त खरं होतं. ऋतुजासाठी वारणानगरकडचं एक स्थळ आलं होतं. बंगला, ऊस, दारात दोन गाड्या, मुलगा इंजिनिअर. मुलाच्या आईला सगळे आक्कासाहेब म्हणायचे. त्या आठवडाभर आमच्याच गल्लीत बहिणीकडे राहायला येणार होत्या आणि रविवारी मुलगी बघायला आमच्या घरी. म्हणजे माझ्या हळदी-कुंकवाला त्या येणार हे नक्की. अशा बाईच्या हातात मी गाळणी ठेवणार होते काय? हे स्थळ जमायलाच हवं, असं माझ्या मनानं घेतलं होतं. ऋतुजाला विचारलं की ती म्हणायची, "बघू." त्या 'बघू'चा अर्थ मी 'हो' असा घेतला.

पुस्तकाच्या दुकानात जाऊन मी ऐटीत सांगितलं की काहीतरी अभिजात हवं, बाईच्या आयुष्यावरचं हवं आणि एकसारख्या बत्तीस प्रती हव्यात. म्हातारे दुकानदार आत गेले आणि धूळ झाडत एक गठ्ठा घेऊन आले. जुन्या इंग्रजी कादंबरीचा मराठी अनुवाद. जगप्रसिद्ध हाय, म्हणाले, बत्तीस प्रती ह्याच्याच निघतील. मुखपृष्ठावर धुक्यातलं एक मोठं घर आणि एक झाड. मी पुस्तकाची पाठ वाचली: 'एका उच्चकुलीन स्त्रीच्या आत्मशोधाची कहाणी.' त्याखालच्या ओळीवर दुकानाचं लेबल चिकटलेलं होतं. उच्चकुलीन, आत्मशोध... मला एवढं पुरे झालं. (लेबलाखाली काय लिहिलंय हे बघावं, असं मला वाटलं नाही. शिवणात सुद्धा उलटी बाजू आधी बघावी, हे मीच मुलींना शिकवत होते.)

वर मी आणखी एक शहाणपणा केला. झेरॉक्सच्या दुकानातून सोनेरी अक्षरांचे स्टिकर छापून आणले आणि प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर डकवले. त्यावर लिहिलं होतं: 'वाचा, विचार करा आणि आपल्या घरी आचरणात आणा. सौ. नलिनी माने.' खाली माझी सही. बत्तीस वेळा, निळ्या शाईत.

आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलतात. त्यांनी एक प्रत उलटून पाहिली आणि विचारलं, "तू वाचलीस?" मी म्हटलं, "तीनदा." ते पुन्हा पेपर वाचायला लागले.

हळदी-कुंकू झोकात झालं. आक्कासाहेब आल्या, हिरवीगार पैठणी नेसून. मी छोटंसं भाषणही केलं. बायकांनी फक्त भांडी का लुटावीत, विचार का लुटू नयेत, वगैरे. ही कादंबरी मी तीनदा वाचल्याचं सगळ्यांसमोर सांगितलं. एकतिसावी प्रत मी हिराबाईला दिली. हिराबाई आमच्याकडे पंधरा वर्षं भाकरी-स्वयंपाक करायची. तिचा मुलगा संदीप डिप्लोमा करून शिरोलीला फाउंड्रीत सुपरवायझर झाला होता, फार गुणी पोरगा. आमची पाण्याची मोटर त्या वर्षी महिन्यातून दोनदा बिघडायची आणि दर वेळी तो बिचारा ड्युटीवरून सुटून टूलबॉक्स घेऊन हजर. स्वयंपाकाच्या बाईलाही पुस्तक दिलं म्हणून आक्कासाहेबांसमोर माझी मान आणखी दोन इंच वर गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी शैलजावहिनींचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"काकी, पान एकशे बारापत्तोर आलो बघा. तुमी हे तीनदा वाचलासा?"

(आमच्याकडे बायकाही 'आलो, गेलो' म्हणतात. परगावच्यांनी दचकू नये. दचकायचं कारण पुढं आहे.)

मी माझी प्रत काढली, स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि पान एकशे बारा उघडलं. काय सांगू! मोठ्या घरची ती उच्चकुलीन बाई आणि तिच्याच बागेत राबणारा माळी, दोघं बागेतल्या खोपटात आत्मशोध घेत होते. अगदी सविस्तर. लेखकानं काहीही शिल्लक ठेवलं नव्हतं. कुकरच्या चार शिट्या झाल्या त्या मला ऐकूच आल्या नाहीत. मग मी पाठीवरचं ते लेबल नखानं खरवडलं. खाली बारीक अक्षरात ओळ होती: 'अश्लीलतेच्या आरोपावरून एकेकाळी बंदी घातली गेलेली, उच्च-नीच भेदाला हादरवणारी प्रेमकथा.'

आणि त्याच पुस्तकाच्या पहिल्या पानावर, सोनेरी अक्षरात, मी सांगत होते की हे आपल्या घरी आचरणात आणा.

पहिला विचार आला तो आक्कासाहेबांचा. त्यांच्या कानावर काही जायच्या आधी गल्लीतल्या प्रती गोळा केल्या तर निदान बभ्रा तरी होणार नव्हता. मी पिशवी घेऊन निघाले. पण वाण परत मागणं हे किती अवघड असतं ते त्या दिवशी मला कळलं. पहिल्याच घरी जोंधळेआजी म्हणाल्या, सवाष्णीला दिलेलं वाण परत घेत्यात व्हय, काय मनात आणलंयसा? मग मी थाप ठोकून दिली, की छपाईत चूक झालीय, पानं मागं-पुढं लागलीत, बदलून आणते. दुसऱ्या घरातल्या सुनेनं तिथल्या तिथं पानं तपासली आणि एकशे बारानंतर एकशे तेराच असल्याचं ठामपणे सांगितलं. ती एवढ्या झटक्यात त्या पानावर गेली की मी चप्पल घालून पुढच्या घरी निघाले.

तिसऱ्या घरातली प्रत नणंदेबरोबर एसटीनं चंदगडला गेली होती. चौथ्या घरातली सासरे वाचत होते, वर पंचांगाचं कव्हर घालून. एका घरात दोन जावांचं वाचण्यावरून भांडण होऊन त्यांनी दुपार वाटून घेतली होती. मंडळाच्या ग्रुपवर एरवी सकाळी फुलांची चित्रं यायची, तिथं आता 'कुणाचं वाचून झालं असेल तर माझ्या बहिणीला हवंय' असे मेसेज येत होते. दुपारी दोनच्या मालिकेच्या वेळी गल्लीतले टीव्ही बंद! एवढी शांतता आमच्या गल्लीत दहावीच्या परीक्षेतसुद्धा नसते.

दोन दिवसांत माझ्या पिशवीत एकच प्रत आली, आणि ती न मागता. सकाळी भाकरी करायला आलेल्या हिराबाईनं ती ओट्यावर ठेवली.

"समदं वाचलो, बाई. पर हे माझ्या घरात नको. मोठ्या घरची लेक आन् राबणाऱ्याचं पोरगं... असलं घरात ठेवू नये."

मला वाटलं, एकशे बाराव्या पानामुळे म्हणतेय. गल्लीत एक तरी शहाणी बाई आहे म्हणून मी तिला वर शाबासकी दिली. ती खाली बघून पीठ मळत राहिली.

एवढं होऊन आक्कासाहेबांची प्रत राहिलीच. त्यांच्या बहिणीच्या घरासमोरून मी सहा फेऱ्या मारल्या. सहाव्या फेरीला त्या गॅलरीत बसलेल्या दिसल्या. मांडीवर पुस्तक, डोळ्याला चष्मा, आणि पानं निम्म्याच्या पुढं गेलेली. मी तशीच घरी आले आणि ह्यांना सांगितलं की स्थळ गेलं. हे म्हणाले, "तीनदा वाचून तुझ्या लक्षात आलं न्हाय?"

रविवार उजाडला. आक्कासाहेब आल्या, बहिणीला घेऊन. मुलगा मागाहून येणार होता. आधी बायाबायांत बोलू, असा त्यांचा निरोप होता. आत हिराबाई पोह्याला फोडणी देत होती. ऋतुजा साडी नेसून माझ्याशेजारी बसली आणि हे कोपऱ्यात पेपराआड. मी ऊसपाण्याची चौकशी केली, हवेची केली, वारणेच्या दुधाची केली. आक्कासाहेबांनी सगळ्याला 'बरं हाय' म्हटलं आणि पर्समधून ते पुस्तक काढून टीपॉयवर ठेवलं. मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"दोन दिवसांत वाचून काढलं," त्या म्हणाल्या. "चारदा रडलो."

मला वाटलं माझ्या कानात काही तरी झालंय.

"मला कुणी विचारलं नव्हतं बघा," त्या सांगू लागल्या. "अठराव्या वर्षी बोहल्यावर उभी केली. माणूस चांगला मिळाला, तक्रार न्हाय. पर एकदा विचारायला पायजे हुतं. ह्या पुस्तकातल्या बाईलाबी कुणी विचारलं न्हाय, म्हणून एवढं रामायण झालं. तवा माझ्या घरात येणाऱ्या पोरीला मी आधी विचारणार, असं ठरवलंय." आणि त्या ऋतुजाकडे वळल्या. "पोरी, तुझ्या मनात दुसरं कोण हाय काय?"

ऋतुजानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ह्यांच्याकडे.

"आहे," ती म्हणाली. "संदीप."

"कोण संदीप?" मी विचारलं. जसे काही आमच्या घरी पाच-पंचवीस संदीप येत होते! आत कढईत झारा पडल्याचा आवाज झाला. आणि मग मला एकेक आठवायला लागलं. मोटर महिन्यातून दोनदा बिघडायची, ती नेमकी शनिवारी, म्हणजे ऋतुजाच्या सुट्टीच्या दिवशी. तो आला की चहा हिनंच करायचा. मोटरचं बटण माडीवर, हिच्या खोलीच्या दाराशी. वर्षभर ती मोटर कोण बिघडवत होतं ते माझ्या डोक्यात आत्ता शिरलं.

त्यानंतर मी जे बोलले ते सगळं इथं लिहीत नाही, लाज वाटते. आमचं घराणं, असं म्हणाले. (आमचं घराणं म्हणजे दोन खोल्या, माडी आणि गावाकडं दीड एकर ऊस.) लोक काय म्हणतील, म्हणाले. स्वयंपाकाच्या बाईचं पोरगं, असंही म्हणाले, आणि ती बाई भिंतीच्या पलीकडं उभी आहे हे माहीत असून म्हणाले. आक्कासाहेबांनी मला मध्येच तोडलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी पुस्तकाचं पहिलं पान उघडून माझ्यासमोर सरकवलं.

"ही सही तुमचीच न्हवं?"

वाचा, विचार करा आणि आपल्या घरी आचरणात आणा. सोनेरी अक्षरात. खाली निळ्या शाईत माझीच सही.

तेवढ्यात हिराबाई बाहेर आली. हात हळदीनं पिवळे, पदर खोचलेला.

"बाई, जिवाला लावून घेऊ नगा. मी त्याला सांगतो, तो माझ्या शब्दाबाहेर न्हाय. उद्यापासनं मीबी येत न्हाय, म्हंजे कुणाचं तोंड दिसायला नको. पुस्तक वाचलं तवाच काळजात चर्र झालं हुतं. म्हणून तर परत दिलं."

असं होय! गल्लीतल्या बाकीच्या बायकांनी पान एकशे बारा वाचलं होतं. पुस्तक गल्लीत एकट्या हिराबाईनं वाचलं होतं. आणि मी तिला शाबासकी दिली होती, तिच्या भीतीबद्दल.

आमच्या ह्यांनी त्या दिवशीचं पहिलं वाक्य तेव्हा उच्चारलं.

"पंधरा वर्षं तिच्या हातची भाकरी चालली. आता पोरगं का चालंना?"

मला रडू आलं. अगदी हुंदके देऊन, नवी साडी, पाहुणे, कशाचंही भान न ठेवता रडले. ऋतुजाच्या कांजिण्यांत हिराबाईनं आठ दिवस आमच्याकडे मुक्काम केला होता, तेव्हा मला घराणं आठवलं नव्हतं. मी उठले आणि तिचे दोन्ही हात धरले. ती मागं सरत होती, हळद लागंल म्हणत होती. लागलीच. माझ्या मोतिया साडीवर पाच बोटं स्पष्ट उमटली आणि ती आजतागायत निघालेली नाहीत.

"बसा, हिराबाई," मी म्हटलं. पंधरा वर्षांत मी तिला पहिल्यांदाच अहो-जाहो केलं होतं. ती सोफ्यावर बसली, तीही कडेला, अर्धीच.

"मग आता पोहे आणा की," आक्कासाहेब म्हणाल्या. "पाहुणी म्हणून आलो, उपाशी जाऊ काय?" आणि त्यांनी आपल्या मुलाला फोन करून सांगितलं की येऊ नको, मुलगी चांगली हाय पर आपली न्हवं. पोरगा फोनवर जरा जास्तच खूश झाला असावा. त्याच्या मनात कोण आहे ते विचारायला आक्कासाहेब त्याच दुपारी घाईघाईनं वारणानगरला परतल्या.

ऋतुजानं संदीपला फोन करून फक्त "लगेच ये" एवढंच सांगितलं. वीस मिनिटांत तो टूलबॉक्स घेऊन दारात. आई सोफ्यावर, मी रडलेली, टीपॉयवर पुस्तक. त्यानं घाबरून विचारलं, "मोटर?"

"मोटर बरी हाय," हे म्हणाले. "बस."

लग्न वैशाखात झालं. गल्लीनं सगळं श्रेय आपल्याकडे घेतलं, कारण पुस्तक त्यांनीही वाचलं होतं. मला मात्र मोठा मान मिळाला. नलूकाकींनी नुसतं वाटलं न्हाय, करून दाखवलं, असं शैलजावहिनींनी मांडवात माईकवर सांगितलं. मी डोळे मिटून मान हलवली. पुढच्या संक्रांतीला मी गाळण्या लुटल्या. अकरा तर घरात होत्याच.

मध्यंतरी हिराबाई आल्या होत्या, आता विहीणबाई म्हणून. गप्पांत पुस्तकाचा विषय निघाला. त्यांनी सहज विचारलं की शेवट तुम्हाला कसा वाटला. मी चष्मा सारखा केला आणि म्हटलं, फार सुंदर, अगदी आपल्या पोरांसारखा, लग्नाचं वर्णन तर काय केलंय!

हिराबाईंनी कप खाली ठेवला.

"विहीणबाई," त्या हळूच म्हणाल्या, "त्यात लगीन हुतच न्हाय."

काय करू? पान एकशे बाराच्या पुढं जायला मला सवडच मिळालेली नाही. हिराबाईंनी हे अजून कुणाला सांगितलेलं नाही, अगदी संदीपलासुद्धा नाही, फार मोठ्या मनाच्या आहेत. फक्त आमच्याकडे आल्या की आता त्या सोफ्यावर पार मागं टेकून बसतात आणि चहा मी करते.